कासवांच्या गावात पाच आठवडे आणि डोन्याच्या चुलीवरचं जेवण (ओस्तियोनाल, कोस्टारिका)

टेकडीवाली

मंडळी, येऊन तीन आठवडे झाले तरी पहाटे साडेचारला जाग येतेच. तिकडे त्या वेळेला हाउलर माकडं ओरडायला लागतात, एका झाडावरून सुरू झालं की पलीकडचा कळप उत्तर देतो आणि उजाडेपर्यंत तेच चालतं. इथे कोथरूडला त्या वेळी फक्त दूधवाल्याची गाडी येते, पण कान माकडांचीच वाट बघत असतात. वेताळ टेकडीवर भेटणाऱ्या सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांत विचारून झालंय म्हणून एकदाच सगळं इथे लिहिते, लांबेल, सावकाश वाचा.

बँकेतून रिटायर झाल्यावर मुलाकडे ह्यूस्टनला गेले होते चार महिने, तिथून कोस्टारिका विमानाने चार तासांच्या आत. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा होता म्हणून मला वेगळा काढावा लागला नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. लिबेरिया नावाच्या शहरात उतरायचं आणि नीकोया द्वीपकल्पाच्या पॅसिफिक बाजूला यायचं. शेवटचा रस्ता कच्चा, मी गेले सप्टेंबरात म्हणजे ऐन पावसात, एका ठिकाणी पाणी चढलेलं होतं ते उतरेपर्यंत दोन तास गाडीतच बसून होतो, ड्रायव्हरने शांतपणे डबा काढला आणि अर्धा मला दिला. केळीच्या पानात बांधलेला भात आणि काळ्या घेवड्याच्या बिया, वर तळलेलं पिकं राजेळी केळं. माझं तिथलं पहिलं जेवण ते.

ओस्तियोनालचा किनारा १९८३ मध्ये वन्यजीवांसाठी राखीव झाला. जगात ऑलिव्ह रिडले कासवं एकाच वेळी झुंडीने अंडी घालायला येतात असे किनारे मोजके, त्यातला हा एक, आपल्या ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या आहेत तसा. त्या झुंडीला तिकडे अरिबादा म्हणतात, म्हणजे येऊन पोचणं. महिन्यातून साधारण एकदा, बहुतेक वेळा अमावास्येच्या आधीच्या दिवसांत, आणि पावसाळ्यात सगळ्यात मोठी.

आता काम. आधी नीट सांगते कारण फोटो बघून लोकांना वाटतं की दिवसभर पिल्लं हातात घेऊन बसायचं. पाच आठवड्यांत मी जास्तीत जास्त वेळ काय केलं असेल तर ओंडके उचलले. पावसात नद्यांमधून झाडांच्या फांद्या, ओंडके, बाटल्या, तुटकी जाळी सगळं वाहून किनाऱ्यावर येतं, आणि वाळूतून वर आलेलं पिल्लू इवलंसं, बोटाएवढं, त्याला एवढा ओंडका म्हणजे पर्वती चढण्यासारखं. ते अडकतं आणि ऊन वर आलं की मरतं. म्हणून रोज सकाळी पाच ते नऊ साफसफाई, आणि पिल्लं निघायच्या दिवसांत सोपिलोते (काळी गिधाडं) आणि गावातली कुत्री हाकलत उभं राहायचं. संध्याकाळी मोजणी, म्हणजे दोऱ्या बांधून आखलेल्या पट्ट्यात किती मादी अंडी घालतायत ते वहीत लिहायचं. माझं आयुष्य आकडे मांडण्यात गेलंय, त्यामुळे वहीचं काम पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे आलं.

अरिबादाची रात्र मात्र वेगळीच. आधी दोन दिवस नुसतीच चार-पाच कासवं यायची. तिसऱ्या रात्री साडेदहाला गेलो तर लाटेच्या कडेला दगड पडल्यासारखे दिसले, आणि ते दगड चालायला लागले. पांढरा दिवा चालत नाही, फक्त लाल, आणि तोही कमीत कमी. वाळू तिथे काळी आहे, ज्वालामुखीची, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांनाच आधी कळतं, पाठीवर पाठ आपटल्याचा ठक ठक आवाज सगळीकडून. मी एका मादीच्या मागे दोन हातांवर पालथी पडून बघितलं. मागचे पाय ती आळीपाळीने वापरते, एका पायाची ओंजळ करून वाळू उचलते आणि बाजूला ठेवते, तेवढ्यात दुसरा पाय आधी काढलेली वाळू झटकतो. बघत नाही, मागे वळूनही नाही, सगळं चाचपून. मग शंभराच्या आसपास अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओली, दोन-दोन तीन-तीन पडत राहतात. डोळ्यांतून पाणी येतं ते मीठ बाहेर टाकायचं असतं हे माहीत होतं, तरी बघवत नाही. शेवटी खड्डा बुजवून ती पोटाने डावी-उजवी डुलत वाळू ठोकते, धप धप धप, अंगणात चोपण्याने जमीन चोपतात तसं. तो ठेका आपल्या पोटाखालच्या वाळूत जाणवतो. तेवढ्यात दुसरी एक मादी येऊन त्याच जागी उकरायला लागली, पहिलीची अंडी बाहेर. हे पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

जेवणाबद्दल पुढच्या प्रतिसादात, हात दुखायला लागला.

कोकणवेडा

वा ताई, वाचता वाचता वेळासला जाऊन आलो. तुम्ही बघितलीत तीच ही ऑलिव्ह रिडले, आपल्या कोकणात झुंडीने नाही पण एकेकटी येते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासमध्ये काम सुरू केलं तेव्हा घरटी सापडली की अंडी काढून न्यायचे लोक, आता तेच गाव कासव महोत्सव करतं. कासवमित्र पहाटे किनारा फिरतात, घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरतात, पिल्लं यायच्या दिवसांत वर टोपली. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात तेव्हा सगळं गाव श्वास रोखून बसतं.

आणि हो, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग केलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली हे वाचलंय ना? पूर्व किनारा सोडून पश्चिमेला. मी तेव्हापासून दर वर्षी गुहागरला पण थांबतो.

जेवणाचं लवकर लिहा.

झाडोरा

ताई, तुम्ही टेकडीवाल्या म्हणून विचारतो, तिकडे गिरिपुष्प दिसलं का? आपल्या टेकड्यांवर वनीकरणात लावलेलं ते ग्लिरिसिडिया मूळचं मध्य अमेरिकेतलंच.

टेकडीवाली

झाडोरा, दिसलं म्हणजे काय! मी जिच्या घरी राहिले त्या डोन्याच्या घराचं कुंपणच त्याचं आहे. फांदी तोडून जमिनीत खोचतात, ती जगते, त्याला तारा मारतात, झालं जिवंत कुंपण. तिकडे मादेरो नेग्रो नाव आहे. इथे मी वीस वर्षं त्या झाडांवर चिडलेय कारण टेकडीवर त्याच्या खाली दुसरं काही फारसं उगवलेलं दिसत नाही, आणि तिकडे त्याच झाडावर एक भलीमोठी घोरपडीसारखी इग्वाना निवांत पडलेली, खाली कोंबड्या, वर पक्षी. आपल्या घरी ते झाड किती वेगळं वागतं. देवळाशेजारचा पांढरा चाफा, कर्वे रोडवरचे जुने वर्षावृक्ष, पेरू, पपई, सीताफळ, सगळ्यांची माहेरघरं त्याच भागात. मला पहिल्या दोन दिवसांतच परकं वाटेनासं झालं ते यामुळे.

झाडोरा

अगदी. त्याचं शास्त्रीय नावच उंदीर मारणारा अशा अर्थाचं आहे, बिया आणि साल उंदरांना विष म्हणून वापरायचे, आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात ते त्यावरूनच. आणि तिकडे कोकोच्या बागेत सावलीला लावतात. झाड वाईट नसतं, आपण कुठे आणि किती लावतो हा प्रश्न असतो.

टेकडीवाली

तर जेवण. मी एका बाईंच्या घरी राहिले, वय माझ्याएवढंच, तिकडे आदराने डोन्या म्हणतात म्हणून मीही डोन्याच म्हणते. दिवसाला ३० डॉलर, तीन वेळचं जेवण धरून, पैसे थेट तिच्या हातात. हे थेट देणं मी शिकले ते ठेच लागून. आधी इंटरनेटवर एका एजन्सीला डिपॉझिट भरलं होतं, जाहिरातीत स्लॉथचं पिल्लू कडेवर घेतलेली मुलगी, नंतर चौकशी केली तर पैशातलं गावाला किती जातं याचं उत्तरच देईनात. मी नाही म्हटलं, डिपॉझिट गेलं ते गेलंच. कोस्टारिका सरकारने २०१९ मध्ये जंगली प्राण्यांबरोबर सेल्फी काढू नका अशी मोठी मोहीम काढली होती. जिथे जनावर कडेवर द्यायची जाहिरात असेल तिथे जाऊ नका, एवढी एक खूण पुरेशी आहे.

सकाळचा नाश्ता गायो पिंतो. कालचा शिळा भात, काळ्या बिया त्यांच्या शिजलेल्या पाण्यासकट, कांदा, लाल ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. म्हणजे आपला फोडणीचा भातच की! रात्रीचा भात मुद्दाम जास्त लावायचा, सकाळी मोकळा होतो, हे शास्त्र दोन्हीकडे सारखं. वरून लिसानो म्हणून तपकिरी सॉस असतो, आंबटगोड, जिऱ्याचा वास, त्याच्याशिवाय तिकडे पान हलत नाही. कोथिंबीर त्यांची वेगळी पण असते एक, लांब करवतीसारख्या पानांची, वास आपल्यापेक्षा उग्र, एक पान पुरतं.

आणि भाकरी! ग्वानाकास्ते भागात मक्याची तोर्तिया हातावर थापतात. मका चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून धुतला की सालं निघून जातात, मग दळायचा. गोळा केळीच्या पानावर ठेवून एका हाताने थापायचं आणि दुसऱ्या हाताने कड सांभाळत फिरवायचं. डोन्याने माझ्या हातात गोळा दिला आणि माझा हात आपोआप फिरायला लागला, आईने बाजरीच्या भाकरीला लावलेलं वळण. मी थापलेली आपसूक पातळ आणि मोठी झाली, तिची जाड आणि तळहाताएवढी. मातीच्या तव्यावर, म्हणजे कोमालवर, चुलीत लाकूड. माझी टम्म फुगली तेव्हा तिने नातीला हाक मारून बोलावून दाखवली. त्या दिवसापासून सकाळच्या तोर्तिया माझ्याकडे, आणि मग बोलणं सुरू झालं. माझं स्पॅनिश पन्नास शब्दांचं, पण स्वयंपाकघरात तेवढे पुरतात.

ती सकाळी काय पिते माहितेय? गुळाचं गरम पाणी. आग्वा दुल्से म्हणतात. उसाच्या रसाचा गूळ, डोक्याकडे निमुळती ढेप, तापा दे दुल्से, वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. चिंचेचं सरबत, मीठ-लिंबू लावलेली कैरी, काजूची बोंडं, सगळं आहे. आंबाड्यासारखं होकोते म्हणून फळ मिळतं, कच्चं मिठाबरोबर खातात.

मग एका रविवारी मी नेलेला गोडा मसाला काढला.

स्वयंपाकघरातून

थांबू नका ना इथे! काय केलंत? प्रमाणासकट लिहा.

टेकडीवाली

काळ्या बियांची आमटी केली. पाव किलो बिया रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवल्या, शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, रंग आणि दाटपणा त्यातच असतो. तेलात मोहरी, हिंग, दोन हिरव्या मिरच्या. कढीपत्ता नव्हता. बिया घालून थोड्या पळीने मोडल्या, दोन चमचे गोडा मसाला, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच तापा दे दुल्से किसून, मीठ, आणि वरून खवलेलं ओलं खोबरं. दहा मिनिटं उकळी. मोहरी, हिंग आणि मसाला पुण्याचा, बाकी सगळं तिच्या अंगणातलं नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातलं. डोन्याने पहिला घास घेतला आणि काही बोललीच नाही, उठून शेजारणीला वाटीभर देऊन आली. नंतर मसाल्याची पुडी हातात घेऊन वास घेत बसली आणि एकेक पदार्थ ओळखायला लागली, दालचिनी, लवंग, धणे. दगडफूल तिला ओळखता येईना, मी झाडाच्या खोडावरचं दाखवलं तेव्हा तिचा विश्वास बसेना.

मराठवाड्याची_लेक

ताई, खूप मनापासून लिहिलंय, पण एक विचारते, राग मानू नका. मी वाचलंय की ओस्तियोनालमध्ये कासवाची अंडी गाववाले काढून विकतात, आणि तेही कायदेशीर. हे खरं असेल तर हे कसलं संरक्षण? आपल्याकडे यासाठी तुरुंग आहे, आणि असायलाच हवा.

टेकडीवाली

राग कसला, मी स्वतः हा प्रश्न घेऊनच गेले होते. खरं आहे. १९८७ पासून गावाच्या संघटनेला परवानगी आहे, अरिबादाच्या पहिल्या ३६ तासांतली अंडी काढायची, नंतर हात लावायचा नाही. कारण मी वर लिहिलं ना, दुसरी मादी येऊन पहिलीची अंडी उकरते. मोठ्या अरिबादात कासवांचा आकडा लाखावर जातो असे अंदाज आहेत, किनारा तेवढाच, पहिल्या रात्रीची अंडी पुढच्या रात्री फुटतात, सडतात, त्यातली बुरशी वाळूत पसरून चांगली अंडीसुद्धा नासतात. म्हणजे पहिली अंडी बरीचशी जाणारच असतात.

मी एक सकाळ बघितलं. पुरुष अनवाणी टाचेने वाळू दाबत जातात, पोकळ लागली की खूण करतात, बायका बसून हाताने उकरतात आणि पिशव्या भरतात, पोरं वाहून नेतात. डोन्यासुद्धा त्यात होती. पैसे सदस्यांत वाटले जातात, काही गावाच्या कामांना. आणि त्या बदल्यात गाव बाकी सगळं करतं, चोरांवर रात्रीची गस्त, साफसफाई, पिल्लांची राखण, पर्यटकांबरोबर गावचाच गाइड. तिने मला सांगितलं की तिच्या लहानपणी कोणीही यायचं, डुकरंसुद्धा सोडायचे किनाऱ्यावर.

मला अंडं दिलं खायला. मी नको म्हटलं, तिला त्याचं काही वाटलं नाही.

मराठवाड्याची_लेक

समजलं, तरी पूर्ण पटत नाही. कायदेशीर पिशवीच्या आडून दुसऱ्या किनाऱ्यावरची चोरीची अंडी विकली जात नसतील कशावरून?

टेकडीवाली

हा आक्षेप तिथले अभ्यासकसुद्धा घेतात आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. आपल्याकडे हे आणा असं मी मुळीच म्हणणार नाही, कोकणात एकेक घरटं मोलाचं आहे. मी एवढंच बघितलं की ज्या गावाची चूल त्या किनाऱ्यावर पेटते ते गाव रात्री तीनला पावसात उठून किनाऱ्यावर जातं. मी पाच आठवड्यांनी परत आले, ते तिथेच आहेत.

कोकणवेडा

इथे वेळासचं उदाहरण बरोबर बसतं. तिथे अंडी विकत नाहीत, मुक्काम आणि जेवण विकतात. कासव महोत्सवात घरोघरी राहायची सोय, सकाळी घावन-चटणी, दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर बिरड्या, फणसाची भाजी, सोलकढी, आणि मोदक. ज्या घरांत पूर्वी मे महिन्यातच काय ती मुंबईची माणसं यायची तिथे आता फेब्रुवारी ते एप्रिल पानं वाढली जातात. पुणेकरांना अजून एक ओढ, वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. ताम्हिणी, माणगाव करत मंडणगडला उतरायचं.

एकच कळकळीची विनंती, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा आणि पिल्लांच्या वाटेत उभे राहू नका. गेल्या खेपेला एका गृहस्थांना तीनदा सांगावं लागलं.

वाकडकर_बाबा

ताई, मुलगी अकरावीत आहे, तिला असं काम करायचंय. शाकाहारी आहे आणि तिला डासांची ॲलर्जी. झेपेल का?

टेकडीवाली

बाबा, आधी वेळास किंवा गुहागर करू दे, चार पहाटा किनाऱ्यावर काढू दे, मग लांबचं. तिकडे पावसाळ्यात कपडे वाळतच नाहीत, डेंग्यू आहे, डॉक्टरांशी बोलून घ्या. लांब बाह्यांचे पातळ कपडे आणि मच्छरदाणी हवीच, कारण पिल्लांच्या आसपास काम असेल त्या दिवशी हाताला डासांचं मलम लावता येत नाही.

शाकाहाराचं जमतं. कासादो मागायचं, आपल्या थाळीसारखं, भात, बिया, कोशिंबीर, तळलेलं केळं, आणि त्यातलं मांस वगळायला सांगायचं. नुसतं कार्ने नको म्हटलं तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाईचं मांस, म्हणून चिकन नको, मासे नको असं वेगवेगळं सांगायचं. आणि बिया डुकराच्या चरबीत परतलेल्या नाहीत ना ते विचारायचं, सिन मांतेका, हे दोन शब्द पाठ करून जा.

स्वयंपाकघरातून

आज आमटी केली, काळा घेवडा मंडईत मिळाला. सासूबाईंनी दोनदा घेतली. डोन्याला सांगा.

टेकडीवाली

सांगितलं! काल रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे लाटांचा आवाज, परवापासून कासवं यायला लागलीत आणि पाऊस थांबलाय म्हणाली. शेजारणीने मसाला मागून मागून संपवला, अजून पाठव. दगडफूल जास्त घाल असंही म्हणाली, तिला आता तोच वास हवाय. मुलगा जानेवारीत स्वतः कोस्टारिकाला जाणार आहे, त्याच्यापर्यंत पोचवायचंय. डिसेंबरात इथलं कोणी ह्यूस्टनला जाणार असेल तर कळवा, अर्धा किलोची पुडी आहे, घरी करून भाजून दळून ठेवलीय, विमानतळावर दाखवायला वर यादी चिकटवलीय.